शिकलेले राहते कोठे?

दोन वर्षांपूर्वी आपल्या संस्थेच्या विद्यार्थी-गौरव समारंभात एका वयोवृद्ध वक्त्यांनी बोलण्याच्या ओघात असे उद्गार काढले की, "हुशारी मुळात रक्तातच असावी लागते, ती शिकवून येत नाही." सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझीही एक टाळी होती. घरी परतताना मात्र मन अस्वस्थ झाले. ज्याने छत्तीस वर्षे मुलांना शिकविण्याचाच पगार घेतला, त्याने 'शिकवून येत नाही' या वाक्यास टाळी द्यावी, हे काही ठीक झाले नाही.

अस्वस्थतेस आणखी एक कारण होते. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सतराच्या पुढचे पाढे कधी येऊ शकले नाहीत. शाळेच्या आवारातील हातपंप बिघडला की मात्र शिपाई त्यालाच हाक मारी, आणि अर्ध्या तासात पंप पाणी देऊ लागे. मी त्याला भर वर्गात 'दगड' म्हणत असे. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे तो कोठे गेला, हे मला ठाऊक नाही.

त्या रात्रीपासून एका प्रश्नाने मला घेरले. मूल शिकते म्हणजे त्याच्या मेंदूत नेमके काय होते? शिकलेले राहते कोठे? अकरावी मॅट्रिक होऊन मास्तरकीस लागलेल्या माणसाने या विषयात पडावे काय, असे कोणी विचारील. माझी भाची वैद्यकीय महाविद्यालयात शिकविते. तिने पुस्तके पुरविली, अवघड भाग समजावून दिला, आणि चुका दाखविल्या. तिच्या साहाय्याने या प्रश्नाचा जो इतिहास मला उमगला, तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. हा इतिहास म्हणजे दीडशे वर्षे चाललेला एक वाद आहे, आणि तो वाद घालणारे पुष्कळदा एकमेकांवर अत्यंत रुष्ट होते.

आरंभ इटलीत होतो. १८७३ साली अब्बियातेग्रासो नावाच्या लहानशा गावातील रुग्णालयात कमिलो गोल्जी या डॉक्टराने मेंदूच्या पातळ चकत्या रंगविण्याची एक नवी युक्ती शोधून काढली. रुग्णालयाचे स्वयंपाकघरच त्याची प्रयोगशाळा होती, असे सांगतात. प्रथम पोटॅशियम डायक्रोमेट आणि नंतर सिल्व्हर नायट्रेट या द्रव्यांत चकती भिजविली, म्हणजे तिच्यातील असंख्य पेशींपैकी थोड्याच पेशी काळ्याभोर होऊन उठून दिसत; बाकीच्या पिवळसर पार्श्वभूमीत लपून राहत. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर दाट रानात उभे राहिल्याप्रमाणे काहीच उमजले नसते. थोड्याच रंगतात, हीच त्या युक्तीची थोरवी. गोल्जीने सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्याचा असा ग्रह झाला की, या पेशींचे तंतू एकमेकांत मिसळून गेलेले असून सारा मेंदू म्हणजे एक अखंड जाळे आहे.

याच युक्तीने पाहून नेमका उलट निष्कर्ष काढणारा मनुष्य स्पेनमध्ये निघाला. सांतियागो रामोन इ काहाल याचा जन्म १८५२ सालचा. शिक्षकांनी याचे बालपण मुद्दाम वाचावे. हाका शहरात धर्मगुरूंच्या शाळेत त्याला घातले होते. तेथे लॅटिन घोकून घेत, आणि न आल्यास फटके देत, कोंडून ठेवीत, उपाशी ठेवीत. हा मुलगा पाठांतरात अगदीच मागे होता. वहीच्या समासात चित्रे काढणे एवढाच त्याचा उद्योग. एकदा लाकडाची तोफ बनवून त्याने शेजाऱ्याचे फाटक उडविले आणि काही दिवस कोठडीची हवा खाल्ली. बापाने कंटाळून त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे उमेदवारीस ठेवले. हा बाप स्वतः शस्त्रवैद्य होता. अखेर त्याने मुलाला दफनभूमीतील हाडे दाखवून त्यांची चित्रे काढावयास लाविली, तेव्हा हा 'मठ्ठ' मुलगा शरीरशास्त्र झपाट्याने शिकला. ज्या हाताला शाळेत मार बसला, त्याच हाताने पुढे काढलेली मेंदूतील पेशींची चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.

काहालने १८८७ साली माद्रिदमध्ये गोल्जीच्या पद्धतीने रंगविलेली चकती प्रथम पाहिली आणि तो थक्क झाला. त्याने ती पद्धत सुधारली. प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांच्या गर्भातील आणि कोवळ्या प्राण्यांच्या मेंदूत पाहिले, कारण तेथे तंतू आखूड आणि मोकळे असतात. त्याला दिसले ते असे की, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. तिचे तंतू दुसरीच्या अगदी जवळ जाऊन थांबतात; मिसळत नाहीत. स्पॅनिश भाषेतील लेख कोण वाचणार? म्हणून १८८९ साली पदरमोड करून तो बर्लिनला शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेस गेला, टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून दाखवू लागला. वृद्ध आणि नामवंत जर्मन पंडित केलिकर यांनी पाहिले आणि आपले जुने मत सोडले. १८९१ मध्ये वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीस 'न्यूरॉन' हे नाव दिले. आपण तिला मज्जापेशी म्हणू.

१९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल या दोघांत विभागून देण्यात आले. हा मोठा विलक्षण प्रसंग होता. ११ डिसेंबर रोजी गोल्जी भाषणास उभा राहिला आणि त्याने सारे भाषण मज्जापेशी स्वतंत्र असतात या मताच्या खंडनात खर्ची घातले. दुसऱ्या दिवशी काहालने आपली बाजू मांडली. एकाच सन्मानाचे हे दोन वाटेकरी विज्ञानात एकमेकांचे प्रतिपक्षी होते. गोल्जी १९२६ मध्ये वारला तो आपले मत न बदलता. १९३४ मध्ये काहालही गेला. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. बहुतेक ठिकाणी काहालचेच खरे ठरले. काही पेशी एकमेकींना थेट जोडलेल्याही असतात असे पुढे आढळले, एवढा वाटा गोल्जीला द्यावा लागतो.

याचा शिकण्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध मोठा आहे. मेंदू अखंड जाळे असेल, तर त्यात नवे काही घडण्यास जागा कोठली? परंतु पेशी वेगळ्या असतील आणि त्यांच्यामध्ये सांधे असतील, तर शिकण्याने हे सांधे बळकट होतात, अशी कल्पना करता येते. काहालने १८९४ साली लंडनमधील व्याख्यानात हेच सुचविले होते : बुद्धीला व्यायाम दिला असता पेशींच्या फांद्या वाढतात आणि नवे संबंध जुळतात. ज्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून मास्तरांनी हात टेकले, त्यानेच मोठेपणी डोक्यात शिरते ते कसे, याची पहिली समाधानकारक कल्पना मांडावी, याची मला मोठी गंमत वाटते. या सांध्याला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये 'सिनॅप्स' हे नाव दिले. या लेखापुरता आपण त्याला सांधाच म्हणू.

इकडे मेंदू उघडून न पाहता केवळ शिकण्याच्या वागणुकीचा अभ्यास करणारे लोकही होते. जर्मनीतील एबिंगहाउस याने हजारो निरर्थक अक्षरगट तयार करून स्वतःच ते पाठ केले, आणि किती वेळाने किती विसरते याचा हिशेब १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. एका बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे घोकलेले अधिक टिकते, हे त्याला दिसून आले. पावकी-निमकी आम्ही रोज सकाळी म्हणवून घेत असू, त्यामागे काही शहाणपण होते तर! अमेरिकेत थॉर्नडाइकने मांजरे पिंजऱ्यात ठेवून आणि रशियात पावलोव्हने कुत्र्यांना घंटेसारख्या खुणांची सवय लावून असा सिद्धान्त मांडला की, शिकणे म्हणजे खूण आणि कृती यांची गाठ पडणे. उलट, जर्मन शास्त्रज्ञ केलर याने तेनेरिफे बेटावर चिंपांझी माकडे खोक्यावर खोकी रचून केळी काढतात ते पाहिले, आणि १९१७ च्या ग्रंथात म्हटले की, प्राण्याला कधी कधी एकदम उमगते. गाठीवर गाठ मारून हे सांगता यावयाचे नाही. या वादात अधिक शिरत नाही.

यानंतर कार्ल लॅशली हा अमेरिकन शास्त्रज्ञ पुढे आला, आणि त्याने सर्वांचीच पंचाईत केली. गाठ पडते तर ती मेंदूत सापडली पाहिजे, असे मानून त्याने उंदरांना भुलभुलैयातील वाट शिकविली आणि मग मेंदूच्या वरच्या थराचा कधी हा तुकडा, कधी तो तुकडा कापून पाहिला. अशी आशा होती की, नेमका तो तुकडा निघाला की वाट विसरेल. तसे झाले नाही. कोणता तुकडा निघाला याला फारसे महत्त्व नव्हते. किती निघाला यालाच होते. थोडा काढला तर थोड्या चुका, अधिक काढला तर अधिक. १९२९ च्या आपल्या ग्रंथात त्याने असा निष्कर्ष काढला की, अशा शिकण्यात वरचा थर एकसंधपणे काम करतो. पुढे १९५० साली, तीस वर्षांच्या शोधाचा आढावा घेताना त्याने मिस्किलपणे लिहिले की, हा सारा पुरावा पाहता शिकणे मुळी शक्यच नाही असे म्हणावेसे वाटते! तरी उंदीर शिकतच होते. आज त्याच्या प्रयोगातील खोट सांगता येते. भुलभुलैया उंदीर केवळ डोळ्यांनी शिकत नाही. वास, मिशांचा स्पर्श, पायांची चाल असे सारे तो वापरतो. एक दार बंद झाले तर तो दुसऱ्याने आत येतो. लॅशलीचा कल बुद्धी बहुतांशी जन्मजात असते असे मानण्याकडे होता, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

लॅशलीचाच एक शिष्य त्याच्या विरुद्ध निष्कर्षापर्यंत गेला. तो मास्तर होता म्हणून मला विशेष जवळचा वाटतो. डोनाल्ड हेब हा कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा, जन्म १९०४ चा. त्याला कादंबरीकार व्हावयाचे होते. पोटासाठी तो शिक्षक झाला आणि पुढे माँट्रियल येथील एका शाळेचा मुख्याध्यापक. त्या शाळेत नापास होणारी मुले पुष्कळ. हेबने तेथे उलटाच नियम केला. अभ्यास हा मान आहे, असे त्याने जाहीर केले. जो दंगा करील त्याला शिक्षा म्हणून मैदानावर खेळावयास घालवीत. जो नीट वागेल त्याला बक्षीस म्हणून अधिक काम मिळे. मुले खेळायला जाण्याऐवजी वर्गात बसणे पसंत करू लागली. आमच्या वेळच्या कोणा मुख्याध्यापकाने असे केले असते, तर पालकांनी त्याला त्याच मैदानावर घालविले असते! पुढे कंबरेच्या सांध्याला क्षय होऊन हेब वर्षभर अंथरुणास खिळला, आणि पडल्या पडल्या त्याने पावलोव्ह आणि शेरिंग्टन वाचून काढले. नंतर तो लॅशलीकडे शिकला आणि माँट्रियलच्या पेनफील्ड या शस्त्रवैद्याकडे मेंदूचा भाग काढलेल्या रुग्णांची परीक्षा घेऊ लागला. त्याच्या असे ध्यानात आले की, प्रौढ माणसाच्या मेंदूचा पुढचा मोठा भाग काढला तरी बुद्धीच्या परीक्षेतील गुण पुष्कळदा फारसे उतरत नाहीत. लहानपणी झालेले शिकणे मेंदूत काहीतरी घडवून ठेवीत असले पाहिजे आणि पुढचे शिकणे त्यावर उभे राहत असले पाहिजे, असा विचार त्याच्या मनात रुजला.

१९४९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्यातील मुख्य सूत्र साध्या शब्दांत असे की, एक पेशी दुसरीला चेतविण्यात वारंवार भाग घेत राहिली, तर त्या दोघींतील सांध्यात काही वाढ अथवा बदल होऊन पहिलीचा जोर दुसरीवर अधिक चालू लागतो. अशा पुष्कळ पेशींची मिळून एक टोळी बनते; कल्पना म्हणजे त्या टोळीचे एकत्र पेटणे. टोळी विखुरलेली असल्यामुळे एखादा तुकडा कापला तरी ती सर्वस्वी नष्ट होत नाही. म्हणजे काहालचा सांधाही खरा आणि लॅशलीचे उंदीरही खरे! तेव्हा याला प्रत्यक्ष पुरावा नव्हता. ती एका विचारी माणसाची अटकळ होती.

हेबने आणखी एक गोष्ट केली, ती दिसावयास किरकोळ, पण आपल्या विषयाच्या मर्माशी जाऊन भिडणारी आहे. त्याने काही उंदरांची पिले घरी नेली. त्याच्या मुलींनी ती पाळली. ती घरभर हिंडत. मोठी झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा ती सरस ठरली. हे १९४७ मध्ये त्याने जाहीर केले.

आता त्या समारंभातील वक्त्यांच्या वाक्याकडे वळू. 'हुशारी रक्तात असते' हे म्हणणे प्रयोगाने सिद्ध झाले आहे असे मानण्यास एके काळी आधार होता. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ट्रायन या संशोधकाने भुलभुलैयात कमी चुका करणाऱ्या उंदरांचीच आपसांत वीण केली आणि अधिक चुका करणाऱ्यांची निराळी. कित्येक पिढ्यांनंतर हुशार आणि मंद असे दोन वंश जवळजवळ अलग झाले. १९४० मध्ये त्याने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वरवर पाहता वक्त्यांचा जय झाला. पण १९४९ मध्ये सर्ल याने ट्रायनच्याच वंशांची निराळ्या कामांत परीक्षा घेतली, तेव्हा काही कामांत 'मंद' उंदीर हुशारांच्या बरोबरीचे किंवा पुढेही निघाले. निवड झाली होती ती एका विशिष्ट भुलभुलैयासाठी. सर्वसाधारण बुद्धीसाठी नव्हे.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग १९५८ सालचा, कूपर आणि झुबेक यांचा. मॅकगिल विद्यापीठात ट्रायनप्रमाणेच निवडून काढलेले हुशार आणि मंद वंश त्यांनी घेतले. काही पिले उताराच्या पाट्या, बोगदे, झोके अशा खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात वाढविली. काही ओक्याबोक्या करड्या पिंजऱ्यात. पहिल्या जागेत मंद वंशाची पिले हुशारांच्या जवळपास पोहोचली. दुसऱ्या जागेत हुशार वंशाची पिले मंदांइतक्याच चुका करू लागली. नेहमीच्या साध्या पिंजऱ्यात वाढविले असतानाच काय तो दोन वंशांतला फरक मोठा दिसे. म्हणजे वंशातील फरक खोटा होता असे नाही. तो दिसणार की नाही, हे पिंजरा ठरवीत होता. त्यानंतर बर्कली येथेच रोझेनझ्वाइग, क्रेच, बेनेट आणि मारियन डायमंड यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत दाखविले की, खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यातील उंदरांच्या मेंदूचा वरचा थर वजनाने आणि जाडीने थोडा अधिक भरतो. फरक लहान होता, परंतु पुन्हा पुन्हा आढळत राहिला. काहालची बहरणारी फांदी आता वजनकाट्यावर आली होती.

उंदरांची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६३ साली रोझेंथाल आणि फोडे यांनी प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितले की, तुमचे उंदीर हुशार वंशाचे आहेत. काहींना सांगितले की, मंद वंशाचे. वस्तुतः सारे उंदीर एकाच जातीचे होते. तरी 'हुशार' उंदरांनी अधिक चांगले काम केले. विद्यार्थी त्यांना अधिक हळुवारपणे हाताळत होते, त्यांच्याकडून आशा ठेवीत होते. हे वाचले त्या रात्री मला माझा हातपंपवाला मुलगा आठवला. त्याच्या कपाळावर चिठ्ठी कोणी चिकटविली होती, हे मला वेगळे सांगावयास नको होते.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मी जाणतो. माणसांतही जन्मजात फरक असतात. ते नाकारणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु एकाच घरातल्या दोन भावांतील फरक निराळा आणि एका समाजाचे पिंजरे निराळे. आपल्याच ज्ञातीत दोन पिढ्यांपूर्वी मुलगी चौथीच्या पुढे शिकत नसे, तेव्हा 'मुलींना गणित येत नाही' असे वडीलधारे म्हणत. आज गौरव समारंभाच्या यादीत गणितात वरच्या क्रमांकावर कोणाची नावे असतात, ते वाचकांनीच पाहावे. मधल्या काळात रक्त बदलले नाही.

मूळ धाग्याकडे येतो. हेबची विद्यार्थिनी ब्रेंडा मिलनर हिच्या हाती एक असा रुग्ण आला की, त्याने साऱ्या वादाला निराळे वळण दिले. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला अपस्माराचे असह्य झटके येत. १ सप्टेंबर १९५३ रोजी डॉक्टर स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. त्यात हिपोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा अवयवही बराचसा गेला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणे शाबूत राहिले. पण त्या दिवसापासून त्याला नवे काही लक्षात राहीना. मिलनरबाई खोलीबाहेर जाऊन परत आल्या की, तो त्यांना प्रथमच भेटल्यासारखा भेटे. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिलनर यांनी हे प्रसिद्ध केले. सर्वच मेंदू सारखाच, या लॅशलीच्या मताला हा मोठा धक्का होता.

आणखी नवल पुढे आहे. मिलनरबाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती दुहेरी रेघांच्या मधून गिरवावयास दिली. हे काम चांगल्या माणसालाही प्रथम जड जाते. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईने फिरू लागला. तरी दर वेळी तो म्हणे की, हे काम आपण पूर्वी कधी केलेले नाही. हात शिकला होता. मालकाला पत्ता नव्हता. तेव्हा शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले की, शिकणे एका प्रकारचे नाही. नावे, प्रसंग, सनावळी यांची स्मृती एका वाटेने जाते. हाताचे कसब दुसऱ्या वाटेने. पाढे न येणारा आणि पंप दुरुस्त करणारा मुलगा याने सर्वस्वी उलगडला असे मी म्हणत नाही. त्याच्या मेंदूत काय होते हे कोण सांगणार? एवढेच की, मी ज्या एका परीक्षेने त्याला मोजले, त्या परीक्षेबाहेर शिकणे असते हे मला तेव्हा माहीत असावयास हवे होते. मोलेसन २००८ मध्ये वारला. पंचावन्न वर्षे तो शास्त्रज्ञांना शिकवीत होता, आणि त्याच्या ते लक्षात राहत नव्हते.

याच सुमारास एक विनोदी प्रकरणही घडून गेले. स्मृती सांध्यात नसून एखाद्या रसायनात साठते, असे म्हणणारा पक्ष पुढे आला. मिशिगन विद्यापीठातील मॅककॉनेल याने चपट्या कृमींना प्रकाश आणि विजेचा धक्का यांची सांगड शिकविली, त्यांचे तुकडे करून अडाणी कृमींना खाऊ घातले, आणि १९६२ साली जाहीर केले की, खाणारे कृमी लवकर शिकतात! मग विद्यार्थ्यांनी गुरुजींनाच खावे काय, अशी थट्टा झाली. इतरांनी असले प्रयोग करून पाहिले. १९६६ मध्ये तेवीस शास्त्रज्ञांनी मिळून लिहिले की, आम्हाला स्मृतीचे असे संक्रमण आढळले नाही. प्रकरण तेथे बहुतेक मिटले.

दरम्यान सांध्याच्या पक्षाला पुरावा मिळत गेला. ऑस्लो येथे लोमो आणि ब्लिस यांनी सशाच्या हिपोकॅम्पसमधील तंतूंना विजेचे जलद झटके दिले, तेव्हा तेथील सांधे कित्येक तास अधिक जोराने काम करीत राहिले. हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हेबच्या अटकळीला प्रथमच देह मिळाला. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि नाझींच्या जाचामुळे नऊ वर्षांचा असताना अमेरिकेत आलेल्या एरिक कँडेल याने समुद्रातील एका गोगलगायीची निवड केली. तिच्या मज्जासंस्थेत अवघ्या वीस हजारांच्या आसपास पेशी, आणि त्या मोठ्या. माणसाचे कोडे गोगलगायीत शोधावयाचे म्हणजे वेडेपणा, असे त्याला पुष्कळांनी सांगितले. त्याने ऐकले नाही. एकदा धक्का दिला तर सांधा काही मिनिटे बळकट होतो. तोच धक्का अंतराने पुन्हा पुन्हा दिला, तर पेशीत नवी प्रथिने तयार होऊन नवे सांधे फुटतात आणि आठवण टिकते. अंतर न ठेवता एकदम भडिमार केला, तर तितकी टिकत नाही. एबिंगहाउसचे अक्षरगट आणि गोगलगायीची पेशी एकच गोष्ट सांगत होती. कँडेलला २००० साली नोबेल मिळाले. त्याच वर्षी लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांहून मोठा असल्याचे मॅग्वायर या संशोधिकेने दाखविले. पुढे २०११ मध्ये, रस्ते शिकण्यापूर्वी आणि शिकल्यानंतर त्याच उमेदवारांची चित्रे घेऊन, हा फरक शिकण्याने पडतो हेही तिने आणि वूलेट यांनी दाखवून दिले.

येथे वाद संपला असे वाटेल. तो संपलेला नाही. २०१२ मध्ये तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत भीतीच्या प्रसंगी चेतलेल्या उंदराच्या पेशी हेरून ठेवल्या आणि नंतर केवळ त्यांवर प्रकाश टाकताच उंदीर निराळ्या, निर्धोक जागीही भीतीने थिजला. हेबची टोळी जणू दिव्याखाली सापडली. पण २०१५ मध्ये त्याच गटाने दाखविले की, औषधाने सांध्यांची बळकटी रोखल्यामुळे उंदराला एरवी न आठवणारी भीतीदेखील त्या पेशींवर प्रकाश टाकून जागी करता येते. मग आठवण सांध्याच्या बळकटीत आहे, की कोणती पेशी कोणाशी जोडली आहे या मांडणीत? दुसरीकडे, यंत्रांना शिकविणारे लोक आहेत. कृत्रिम मज्जाजालांची जी पद्धत १९८६ पासून गाजली, तीत चूक उलट दिशेने मागे पाठवून सांधे दुरुस्त करतात. १९८९ मध्ये क्रिक या शास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की, खऱ्या मेंदूत असे घडत असण्याचा संभव कमी. या मज्जाजालांवरील कामाबद्दल हॉपफील्ड आणि हिंटन यांना २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. मेंदूही तसाच शिकतो काय, या प्रश्नावर मतभेद कायम आहेत.

आणि २०१८ साली, ज्या भुताला गाडले असे वाटत होते, तेही उठून बसले. लॉस एंजेलिस येथील ग्लान्झमन यांनी, धक्के देऊन शिकविलेल्या गोगलगायींतून आरएनए हे द्रव्य काढून न शिकविलेल्या गोगलगायींना टोचले, आणि त्यांनाही धक्के बसल्यासारखी त्या वागू लागल्या, असे जाहीर केले. कँडेलने निवडलेलीच ती गोगलगाय! पुष्कळ तज्ज्ञांना हे अजून पटलेले नाही. माझ्या भाचीला विचारले, तर ती म्हणाली, "मामा, काहालचे खरे हे ठरायलाही साठ वर्षे गेली. थोडे थांबा."